बटण दाबून ॲव्हरेज वाढत नसतं

शहरात ईव्ही, हायवेला इको, घाटात पॉवर. नांदेड-लातूरकडे कुणी नवी हायब्रिड गाडी घेतली की चावीबरोबर हा मंत्रही मिळतो. शोरूममधला पोरगा तो सांगतो, गाडी बघायला आलेला मेव्हणा सांगतो, पंपावर हवा भरणाराही सांगतो. मंत्र पाळूनही गाडी कंपनीने सांगितलेल्या लिटरमागे २७.९७ किलोमीटरच्या आसपास फिरकली नाही, तर खुलासा तयारच असतो : ‘मोड नीट वापरत नसाल ओ तुम्ही.’

हा खुलासा मला साफ अमान्य आहे. इको मोड थोडीफार मदत करतो, तीही ठरावीक माणसांना. पॉवर मोड लोक समजतात तेवढा पेट्रोल पीत नाही. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा जीव जडलाय, तो ईव्ही मोड हौसेने वापरला तर ॲव्हरेज खालीच आणतो. पेट्रोल जातं ते भलतीकडूनच. पण बोट बटणावर असलं की तिकडे लक्ष जात नाही, हे या मंत्राचं खरं नुकसान.

ईव्ही मोडपासून सुरुवात करू, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. हायरायडर आणि ग्रँड विटारा या २०२२ मध्ये आलेल्या, टोयोटाचंच हायब्रिड तंत्र वापरणाऱ्या जुळ्या गाड्या घ्या. आपल्याकडे स्ट्राँग हायब्रिड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे याच येतात. दीड लिटरचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, जोडीला मोटर आणि ०.७६ किलोवॉट-तासाची बॅटरी. महावितरणच्या बिलाच्या भाषेत हे झालं पाऊण युनिट. नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिटं मावतात. बरं, हे पाऊण युनिटही सगळं हाती लागत नाही. बॅटरी टिकावी म्हणून गाडी ती तळापर्यंत रिकामी होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. सपाट रस्त्यावर, संथ चालवून फार तर दोन-तीन किलोमीटर निघतात.

आणि या गाडीला प्लग नाही. मग वीज येते कुठून? ब्रेक लावताना चाकांकडून परत मिळते ती एक, आणि इंजिनाने पेट्रोल जाळून जनरेटरमार्फत भरलेली दुसरी. पहिली खरीखुरी कमाई. दुसरी म्हणजे पेट्रोलच, फक्त लांबच्या वाटेने आलेलं. इंजिनातून जनरेटरकडे, तिथून बॅटरीत, बॅटरीतून मोटरकडे आणि मोटरमधून चाकांकडे जाताना प्रत्येक वळणावर ऊर्जा थोडी थोडी सांडते. तेव्हा ‘बॅटरीवर चालली म्हणजे फुकट चालली’ हे बोलणं तिथेच बाद होतं.

असं असताना गाडी हा उपद्व्याप करते तरी कशाला? कारण इंजिनाला हलका भार मानवत नाही. नांदेडला वजिराबादच्या गर्दीत ताशी १५ ने सरकायला ताकद लागते अगदी थोडी, पण त्या मानाने इंजिन पेट्रोल बरंच जास्त जाळतं. म्हणून गाडीतला संगणक तिथे इंजिन बंद ठेवतो आणि मोटरवर भागवतो. पुढे रस्ता मोकळा झाला, इंजिनाला तसाही जोर लावायचाच आहे, अशा वेळी त्याच्यावर थोडा जादा भार टाकून तो बॅटरी भरून घेतो, कारण तेवढ्या भाराला इंजिन एका लिटरमधून जास्त काम काढतं. वळणावळणाला सांडलेलं त्यात भरून निघतं आणि वर थोडं उरतं. हे वर उरलेलं आणि ब्रेकमधून परत आलेलं, एवढीच हायब्रिडची कमाई. ती सगळी कधी भरायचं आणि कधी वापरायचं या वेळेच्या हिशेबावर अवलंबून असते. हा हिशेब गाडी क्षणाक्षणाला करत असते, आणि ईव्हीचं बटण दाबून आपण त्यात हात घालतो.

हात घातल्यावर काय होतं ते लातुरात बघा. मे महिन्यातली दुपार, एसी पूर्ण जोरात, गाडी अंबाजोगाई रोडवरून गंजगोलाईकडे निघालेली. बटण दाबलं, समोर ‘ईव्ही’ उजळलं, मालक खूश. शिवाजी चौक येईस्तोवर पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या झरझर उतरलेल्या. गांधी चौकाच्या अलीकडे-पलीकडे सूचना येते की ईव्ही मोड आता उपलब्ध नाही, आणि इंजिन सुरू होतं. पुढे सोळा रस्ते एकत्र येणाऱ्या गंजगोलाईची गर्दी, म्हणजे जिथे मोटरची खरी गरज नेमकी तीच जागा. तिथे बॅटरी रिकामी, आणि इंजिन उभ्या गाडीत एसीही ओढतंय आणि बॅटरीही भरतंय. मग मालक विचारतो, ‘उभी असताना गाडी आपोआप रेस का होते?’ अहो, तुम्हीच तिला दोन चौक आधी कंगाल केलंत.

कंपनीने बटण दिलंय म्हणजे काही तरी फायदा असणारच, असा एक युक्तिवाद हमखास येतो. फायदा आहे, पण तो पेट्रोलचा नाही. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ईव्ही मोडचा उपयोग दिलेला असतो तो असा : पहाटे किंवा रात्री उशिरा वस्तीतून आवाज न करता जाणं, बंदिस्त पार्किंगमध्ये धूर न सोडता गाडी हलवणं. आणि पुढे त्याच मॅन्युअलमध्ये इशारा असतो की गरजेपेक्षा जास्त वापरला तर इंधनाचा खर्च वाढू शकतो. गाडी बनवणाऱ्यानेच लिहून ठेवलंय. पण ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट, पहिल्या दिवशी ठेवलं तसंच पडून असतं.

दुसरा पुरावा म्हणून पडद्यावरचे टक्के दाखवले जातात. ‘साठ टक्के ईव्हीवर चालली की!’ टोयोटा स्वतः आपल्या हायब्रिडबद्दल सांगते ते ६० टक्के वेळ आणि ४० टक्के अंतर असं. वेळ आणि अंतर यांतला हा फरक कुणी लक्षात घेत नाही. गाडी सिग्नलला उभी आहे आणि इंजिन बंद आहे, तो वेळही ६० मध्ये जमा होतो. नांदेडच्या आयटीआय चौकात दोन मिनिटं उभं राहून कुणी एक फूटही पुढे जात नाही, टक्के मात्र वाढतात. त्या टक्क्यांवरून पेट्रोलचा हिशेब लावणं चूक आहे. त्यासाठी लिटर मोजावे लागतात.

आता इको. इथे विरोधकांची बाजू जरा बळकट आहे, हे आधीच कबूल करतो. इको मोड दोन गोष्टी करतो. एक, ॲक्सिलरेटरची धार कमी करतो. पाय तेवढाच दाबला तरी गाडी हळू उसळते. दोन, एसीला थोडा आवर घालतो. इंजिन तेच, बॅटरी तीच, हवेचा विरोध तोच. ज्याचा पाय जड आहे, सिग्नल सुटला की जो पहिल्या दहा मीटरमध्येच शर्यत जिंकायला निघतो, त्याला इको मोड आवर घालतो आणि त्याचं ॲव्हरेज सुधारतं, हे खरं. गाडी ड्रायव्हरच्या हाती देणाऱ्यांनी बेलाशक इकोवर ठेवायला सांगावं. पण ज्याचा पाय मुळातच हलका आहे, त्याने नॉर्मलमध्ये तसाच पाय ठेवला तर गाडी तेवढंच पेट्रोल घेते. ‘इको टाकल्यापासून दीडने वाढलं’ म्हणणाऱ्याला विचारून बघा. इको टाकल्यापासून तो स्वतःही सांभाळून चालवायला लागलेला असतो. त्याचं श्रेय बटण घेऊन जातं. एसीचं म्हणाल, तर नांदेडला पारा ४२ च्या वर गेल्यावर इकोने आवरलेला एसी घरच्यांना पुरत नाही, मागच्या सीटवरून आवाज येतो आणि पंखा चारवर जातो. वाचवलेलं तिथेच परत जातं.

पॉवर मोडवर तर उगीचच आळ आहे. घाट चढायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी लागतेच, मोड कुठलाही असो. पॉवरमध्ये थोडा पाय दाबला की गाडी लवकर उठते, एवढंच. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत निघालेल्या ट्रॅक्टरला ओलांडताना मला ती लवकर उठलेली हवी असते. तिथे इकोमध्ये पाय दाबून वाट बघत बसणं ही काटकसर नव्हे. ओलांडून झालं की पाय ढिला करा. पेट्रोल जातं ते पाय तसाच दाबून ठेवणाऱ्याचं.

होंडाच्या सिटी हायब्रिडमध्ये तर बॅटरीवर चालणं, दोन्ही मिळून चालणं आणि थेट इंजिनावर चालणं या तीन स्थिती गाडी आपली आपणच बदलत असते. कधी कोणती घ्यायची हे ती चालवणाऱ्याला विचारत नाही. टोयोटाचं तंत्र वेगळं, पण निर्णय तिथेही गाडीचाच. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रियस विकायला काढली तेव्हापासून इंजिनियर लोकांनी हाच हिशेब घोटून घोटून बारीक केला आहे. त्यांच्यावर आमचा विश्वास नाही, आणि तीस सेकंदांच्या रीलवर आहे.

बटणाइतकाच घातक सल्ला उताराचा आहे. आपल्याकडची एक अख्खी पिढी काळी-पिवळी जीपमध्ये बसून गाडी चालवायला शिकली. उतार आला की न्यूट्रल, आणि फारच बेरकी असला तर इंजिनच बंद. हायब्रिडमध्ये असं करणं म्हणजे चालून आलेली कमाई रस्त्यावर टाकणं. न्यूट्रलमध्ये ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जात नाही. गाडी डी मध्येच राहू द्यायची, पाय उचलायचा, लागलाच तर ब्रेक हलका दाबायचा. याच्या उलट टोकाला ‘बी वर टाका, बॅटरी लवकर भरते’ म्हणणारे आहेत. गिअरमधली ही बी ची जागा लांब, तीव्र उतारासाठी आहे, जिथे नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवायची नसते. तिथे गाडी इंजिनही फिरवून वेग आवरते, म्हणजे परत मिळू शकली असती अशी ऊर्जा इंजिन फिरवण्यात घालवते. सपाटीवर बी टाकून फिरण्यात काडीचा फायदा नाही.

ब्रेकच्या या कमाईचा आकडा सांगतो, कारण कौशल्य असेल तर इथे आहे. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी ताशी ६० वेगात असते तेव्हा तिच्यात साधारण ०.०६ युनिट ऊर्जा असते. ताशी १०० ला तीच ०.१६ होते. मोटर एका मर्यादेपर्यंतच ती परत ओढू शकते. ब्रेक जोरात मारला की उरलेलं काम ब्रेकच्या पॅडवर पडतं आणि ऊर्जा धग होऊन उडून जाते. सोनखेडच्या गतिरोधकाची पाटी दिसल्यावरही पाय रोवून जायचं आणि दहा मीटरवर करकचून दाबायचं, किंवा पाटी दिसताच पाय उचलून हलका ब्रेक धरत धरत यायचं. दोन्हीत वेळ जवळजवळ सारखाच लागतो. दुसऱ्या पद्धतीत पडद्यावरचा बाण चाकाकडून बॅटरीकडे बराच वेळ वळलेला दिसतो. हे कुठल्याही मोडमध्ये होतं.

आणि आता मुख्य आरोपी. तुळजापूरहून लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणि पुढे नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ चौपदरी होत गेला, तसा आमचा वेगही वाढत गेला. पूर्वी खड्डे आणि समोरून येणारे ट्रक चुकवत ६०-७० ने जाणारी माणसं आता १००-११० च्या खाली येत नाहीत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो ५६ टक्क्यांनी वाढतो आणि १२० ला सव्वादोन पट होतो. टपावर कॅरियर आणि त्यावर ताडपत्री बांधलेलं सामान असेल तर विचारायलाच नको. वाचवलेला वेळ किती? शंभर किलोमीटर मोकळा रस्ता धरला तर ८० ला सव्वा तास, १०० ला एक तास. पंधरा मिनिटं. शिरूर ताजबंदला चहाला थांबलो की तेवढी सहज जातात.

त्यात आमच्या सवयी डिझेलच्या. बोलेरो आणि जुन्या इनोव्हाने शिकवलं की गाडी शहरात कमी देते आणि हायवेला जास्त. हायब्रिडचं उलटं आहे. तिची कमाई थांबण्यात, सरकण्यात, ब्रेकमध्ये. एकसारखं १०० ने निघालं की परत मिळवायला काही उरत नाही आणि गाडी बव्हंशी साध्या पेट्रोल गाडीसारखीच चालते. कंपनीच्या आकड्याचं रहस्यही यातच आहे. २७.९७ हा आकडा प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला असतो. त्या चाचणीत सर्वाधिक वेग ताशी ९० आणि सरासरी सुमारे ३२. म्हणजे हायब्रिडला मानवणारंच वातावरण. त्याची तुलना लोहा ते अहमदपूर ११० ने, एसी दोनवर आणि पाच माणसं घेऊन केलेल्या प्रवासाशी करायची आणि फरक मोडच्या नावावर मांडायचा, याला काय म्हणावं?

पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. हे इथेनॉल ज्या उसापासून होतं तो ऊस आमच्याच शिवारातला, त्याच लातूरच्या, ज्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. उसाने पाणी प्यायलं, आता ॲव्हरेजही थोडं प्यायला लागला. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण इको बटणाने तो सुटत नाही एवढं नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या बाजूचे टवाळही ऐकले आहेत. त्यांच्या मते हायब्रिड ही निव्वळ जाहिरातबाजी, हायवेला शून्य उपयोग. हेही अर्धसत्य. या गाड्यांचं इंजिन मुळात ॲटकिन्सन पद्धतीचं, जोर थोडा कमी पण लिटरमागे काम जास्त काढणारं. तो फायदा हायवेलाही राहतो. आणि ज्याचा दिवस हिंगोली गेट, वजिराबाद आणि तरोडा नाक्याच्या गर्दीत जातो त्याला ही गाडी कुठलंही बटण न दाबता भरपूर देते. जो रोज लातूर-नांदेड १०० च्या वर पळवतो त्याने दोन-अडीच लाख जास्त मोजण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसावं.

एक फुकटची गोष्ट जाता जाता. अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरी गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. आपण तिथे गाद्या, पिशव्या, गावाकडच्या धान्याचं पोतं ठेवतो. उरलेलं काम धूळ करते. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते आणि इंजिन जास्त चालतं. जाळी मोकळी ठेवा, टायरची हवा महिन्यातून दोनदा बघा.

तरीही ज्यांना मोडवरच भरवसा आहे, त्यांच्यासाठी परीक्षा सांगतो. पडद्यावरचा आकडा धरायचा नाही. एका वाटेचा हिशेबही नाही, कारण लातूर बालाघाटाच्या पठारावर आणि नांदेड गोदाकाठी. उंचीतला फरक दीडशे मीटर जरी धरला तरी भरली गाडी तेवढी वर न्यायला दोनशे मिलीच्या आसपास पेट्रोल लागतं. नांदेडला उतरताना मिळालेलं ॲव्हरेज आणि लातूरला चढताना मिळालेलं यांत त्यामुळे पाच-सहा टक्क्यांचा फरक सहज पडतो, आणि ‘काल इकोवर होतो’ म्हणणारा बहुतेक वेळा काल उतरत असतो. एका फेरीवरही जायचं नाही. पंपाचा नोझल कुठे कट होतो यात लिटरभर इकडेतिकडे होतं. तीन अख्ख्या टाक्या घ्या, एकाच पंपावर भरलेल्या, दोन्ही वाटांच्या फेऱ्या सारख्या, एसी सारखा. पहिली टाकी इकोवर, हायवेला १०० ने. दुसरी नॉर्मलवर, ८० ने. तिसरी पुन्हा इकोवर, पण ८० ने. दुसऱ्या आणि तिसऱ्या टाकीत जो फरक निघेल तो मोडचा, पहिल्या आणि तिसऱ्या टाकीत निघेल तो वेगाचा. पावत्या आणि किलोमीटरचे आकडे एका कागदावर लिहा आणि पुढच्या सर्व्हिसिंगला जाल तेव्हा तो कागद शोरूममधल्या त्या पोराच्या टेबलावर ठेवा.